बोर्गहिल्डबाईंचा कडा

“टॉवेल हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे,” यशाने भिंतीवरची पाटी वाचून दाखवली. “चादरीचे वेगळे. उशीच्या अभ्र्याचे वेगळे. उशी मात्र फुकट. दिग्या, बिनअभ्र्याच्या उशीवर झोपणाऱ्या माणसाला हे लोक काय म्हणत असतील रे?”

“भारतीय,” मी म्हणालो.

बाहेर पाऊस पडत होता. आम्ही बर्गेनला उतरलो तेव्हापासून, म्हणजे सलग दोन दिवस पडत होता. आपल्याकडचा पाऊस येतो, आरडाओरडा करतो, निघून जातो. हा सरकारी नोकरीत असल्यासारखा पडत होता. घाई नाही, उत्साह नाही, आणि रजा तर नाहीच नाही.

दोन हजार सालचा जून महिना. पिंपरीच्या आमच्या कारखान्याने मला आणि यशवंत लोणकरला ग्राइंडिंगची नवी मशिनं शिकायला सहा महिने जर्मनीला धाडलं होतं. शेवटी दहा दिवसांची रजा मिळाली. शहाणी माणसं अशा वेळी पॅरिसला जातात. मी नॉर्वे म्हटलं, त्याला कारण कारखान्याच्या कॅन्टीनमधलं कॅलेंडर. त्याच्या जून महिन्यावर एक कडा होता. पाण्यातून सरळ सहाशे मीटर वर उठलेला, आणि टोकावर लाल जाकिटातला एक माणूस, साबुदाण्याएवढा. खाली लिहिलं होतं : हेल्लेविक, नॉर्वे. जून संपला, वर्ष संपलं, तरी ते पान मी कुणाला उलटू दिलं नाही. दोन वर्षं त्या कड्याखाली बसून डबा खाल्ला.

मी सासवडचा. पुरंदर घरामागे. सत्तरएक किल्ले तोवर चढून झाले होते. पण आपल्या कुठल्याही किल्ल्यावर धापा टाकत पोचा, तुमच्याआधी तिथे एक कुटुंब भेळ कालवत बसलेलं असतं. मला एकदाच तो साबुदाणा व्हायचं होतं. परत गेल्यावर तीन आठवड्यांत लग्न होतं, त्यापाठोपाठ फ्लॅटचे हप्ते. मग मला एकट्याला कड्यावर उभं राहायला कोण पाठवणार होतं? आज मी बावन्न वर्षांचा आहे, हप्ते फिटले आहेत, आणि तेव्हाचा माझा अंदाज बरोबर होता हे सांगायला हरकत नाही.

यशा आला त्याचं कारण वेगळं. या देशात मोकळ्या रानात कुठेही तंबू ठोकता येतो, कुणी पैसे मागत नाही, असं मी त्याला सांगितलं होतं. पैसे मागत नाही हे ऐकल्यावर यशाने पुढचं ऐकलंच नाही. तंबू आमच्या जर्मन फोरमनने दिलेला. ते लोक उन्हाळ्यात बागेत सावलीला लावतात तसला. पहिल्याच रात्री तो बाहेरचा पाऊस गाळून आत सोडू लागला. म्हणून हे होस्टेल, आणि ही पाटी.

“वीस क्रोनरची कॉफी,” यशा म्हणाला. “म्हणजे शंभर रुपये. काल मी शंभर रुपयांची कॉफी प्यायलो आणि मग पंचवीस रुपये भरून लघवीला गेलो. सव्वाशे रुपयांत माझ्या हातात काय राहिलं, सांग.”

“अनुभव.”

“तो आम्हाला चाकणच्या स्टँडवर फुकट मिळतो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सॅक भरू लागला.

“निघतो रे मी. जर्मनीत निदान ओळखीच्या माणसांत भिजेन.”

“आणि कडा?”

“तुझ्या घरामागे पुरंदर आहे. वरून खाली बघितलं की सगळे कडे सारखेच. चक्कर येते. त्याला इतक्या लांब कशाला यायला पाहिजे?”

“यशा, तो समुद्रातून सरळ वर येतो.”

“मग येऊ दे की! आपण कशाला त्याला आणायला जायचं?”

दारात पोचल्यावर त्याला माझी काळजी वाटली असावी. वळून म्हणाला, “हे बघ, सॅक कुठे ठेवू नकोस. क्षणभरसुद्धा नाही. पासपोर्ट त्यात, तिकीट त्यात. एवढ्या महागड्या देशात चोरसुद्धा भारीतलेच असणार.”

हेल्लेविकला जायला दोन बस आणि एक बोट लागली. शेवटच्या बसमध्ये मी एकटाच. ड्रायव्हरचं नाव आर्वे. तो टपाल, औषधं, दुधाचे खोके असं सगळं दारोदार देत चालला होता.

“झोपणार कुठे?” त्याने विचारलं.

“तंबूत.”

आर्वेने आरशातून माझ्या तंबूकडे पाहिलं, काचेतून आभाळाकडे पाहिलं, आणि एका पिवळ्या घरापुढे, मला न विचारता, बस उभी केली.

अंगणात सत्तरीच्या आसपासची एक उंच बाई कुऱ्हाडीने लाकडं फोडत होती. या बोर्गहिल्डबाई. गावात घरं अकरा, त्यांतल्या यांच्या घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने मिळत. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि सोडून दिलं. थंड देशात दिगंबर नावाच्या माणसाने जाऊ नये, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. पण ही गंमत समजावून सांगण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं नव्हतं.

“खोली आहे का?” मी विचारलं.

उत्तरादाखल बाईंनी एकदम जोरात श्वास आत ओढला. छातीत कळ यावी तसा. मी घाबरलो. सॅकसकट पुढे धावलो, त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि म्हणालो, “बसा, बसा. पाणी आणू?”

बोर्गहिल्डबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. अनोळखी परदेशी माणूस, हातात कुऱ्हाड. मग त्यांनी आर्वेकडे पाहिलं.

“अरे, हो म्हणतेय ती!” आर्वे खिडकीतून ओरडला. “आमच्याकडे ‘हो’ असंच म्हणतात. श्वास आत घेऊन. वेळ वाचतो.”

चार वाजता खालून माशाच्या सूपचा वास आला. त्या लोकांचं मुख्य जेवण चार वाजता असतं. मी सकाळपासून एका केळ्यावर होतो. खाली गेलो.

“सूप घेणार?” बाईंनी विचारलं.

“नको, नको. कशाला उगाच.”

बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या घरी पहिल्या ‘नको’ला कुणी ‘नको’ समजत नाही. तो सलामीचा असतो. दुसरा संस्कारांचा. तिसऱ्यांदा वाढणारी ओरडते, “अहो, घ्या हो, एवढंसं तर आहे!” आणि मग माणूस नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून चार वाट्या रिचवतो. मी दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत समोर बसून राहिलो. बोर्गहिल्डबाईंनी माझ्यादेखत शांतपणे दोन वाडगे सूप संपवलं, वाडगा धुतला, पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि विचारलं, “तुला आणखी काही हवंय का?”

‘आणखी’ हा शब्द मला फार लागला. वर जाऊन आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी ब्रेडला लावून खाल्ली आणि या बाईला काळीज नाही असं ठरवून टाकलं.

पुढचा दिवस खिडकीत गेला. कडा समोरच आहे, असं बाई सांगत होत्या. समोर पांढरं होतं. कॅलेंडरवर मला तो रोज दिसत होता, इथे त्याच्या दारात बसून दिसत नव्हता. मी मधूनमधून गावातल्या एकुलत्या दुकानापर्यंत जाऊन येत होतो, सॅक पाठीवर घेऊन. दुकानात वस्तू उचलायची, किंमत वाचायची, जिथली तिथे ठेवायची. त्याला काही पडत नव्हतं.

दुपारी बाई कोबी चिरत होत्या. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, “तुमचे यजमान?”

“गेला.”

मी चेहरा लांब केला. “फार वाईट झालं.”

“ट्रोंडहाइमला,” बाई म्हणाल्या. “बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकायला एक बाई यायची, तिच्याबरोबर. ‘जातो’ म्हणाला आणि गेला. एकवीस वर्षं झाली.” मग सुरी थांबवून, अगदी न्यायाने विचार करून त्या म्हणाल्या, “खोटं कधी बोलला नाही.”

मी हसावं की नाही, कळेना. बाई हसत नव्हत्या.

“उद्या मटण आणि कोबी,” त्या म्हणाल्या. “चार वाजता. जेवणार?”

“बघू,” मी म्हणालो.

मी काय बघणार आहे ते पाहायला बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या सकाळी पाऊस थांबला. ढग होते, पण वर सरकल्यासारखे दिसत होते. मी मनाशी बेत केला : कड्यावर चढायचं, तिथे उभं राहायचं, आणि आल्या वाटेने न परतता पलीकडच्या अंगाला उतरून तिकडच्या गावात बस पकडायची. खोलीचं आणखी एका रात्रीचं भाडं वाचत होतं. भाडं बाई रोज सकाळी घेत, त्यामुळे तोही गुंता नव्हता. प्रश्न एवढाच, की हे बाईंना तोंडावर सांगायचं कसं? परवडत नाही म्हणून निघालो, हे सांगायला जीभ रेटेना.

सॅक चढवून मी दारात आलो. बाई बुटांना तेल लावत होत्या. मी हात जोडले, आणि जन्मापासून प्रत्येक घरातून निघताना जे म्हणत आलो तेच म्हणालो, फक्त इंग्रजीत.

“बरंय. मी येतो.”

बोर्गहिल्डबाईंनी श्वास आत घेतला. निरोप आटोपला, म्हणून मला हायसं वाटलं.

वाट सोपी होती. दर शे-दीडशे पावलांवर दगडांची एक लगोर आणि तिच्यावर लाल रंगात ‘टी’ हे इंग्रजी अक्षर. मला हसू आलं. आपल्याकडे वाट चुकली तर माणूस विचारतो. धनगराला विचारतो, गुराख्याला विचारतो, कुणीच नसलं तर बिडी ओढण्याइतका वेळ थांबतो. कुणीतरी येतंच. वर ताकही मिळतं. दगडाला रंग फासून ठेवायचा म्हणजे या लोकांचा माणसांवर विश्वास नाही, असं मी ठरवलं. सत्तर किल्ले चढलेला माणूस मी. तासाभराने त्या लगोऱ्यांकडे बघणंच सोडून दिलं.

मग धुकं आलं. वरून नाही, खालून. पाण्यावरून उठून ते डोंगर चढत आलं आणि माझ्या पुढे निघून गेलं. लाल अक्षरं गेली, लगोऱ्या गेल्या, जरा वेळाने माझे गुडघे गेले. मी डावीकडे दहा पावलं गेलो, उजवीकडे वीस आलो. नुसता ओला खडक. त्याच्यावर पाऊल उमटत नाही. पायाशी एक दगड होता, तो सहज ढकलला. तो घरंगळला, आणि मग त्याचा आवाज बंद झाला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

मी होतो तिथे खाली बसलो. शेजारी एक मोठा धोंडा होता, त्याला पाठ लावली आणि स्वतःला म्हटलं, कुणीतरी येईलच.

एक वाजला. दोन वाजले. जाकीट आठवडी बाजारात घेतलेलं. ते पाणी अडवत नव्हतं, साठवत होतं. तीन वाजले. तंबू काढायला गेलो तर बोटांना सॅकची चेन सापडेना. चारच्या सुमाराला मला एक गोष्ट स्वच्छ कळली : आपल्याकडे प्रत्येक डोंगरात भेटणारा तो ‘कुणीतरी’, या डोंगरावर मीच होतो.

मग मी मोजायला लागलो, मी इथे आहे हे कुणाकुणाला माहीत आहे. यशा जर्मनीत. कारखान्याला माझी आठवण पाच दिवसांनी होणार. सासवडला पत्रिका छापून झाल्या होत्या. आणि बोर्गहिल्डबाई? त्यांचं भाडं चुकतं करून, निरोप घेऊन, सामानासकट मी त्यांच्या घरातून बाहेर पडलो होतो. या पृथ्वीवर माझी वाट बघणारं त्या दिवशी कुणीही नव्हतं. दात वाजायचे थांबले. थोडं बरं वाटायला लागलं, झोपावंसं वाटलं, आणि बर्फात अडकलेल्या माणसांना शेवटी बरंच वाटतं असं कुठेतरी वाचलेलं आठवलं.

सात वाजत आले असतील. त्या दिवसांत तिथे अंधार पडत नाही. पांढरं होतं ते जरा राखाडी झालं होतं.

“इंडियाऽऽ!”

मला भास वाटला.

“इंडियाऽऽऽ!”

शंभर कोटी लोकांच्या वतीने मी एकट्याने ‘ओ’ दिली. ‘ओ’ कसली, शेळीसारखं काहीतरी निघालं. पण त्या बाजूला पावलं वळल्याचा आवाज आला, आणि धुक्यातून पिवळा रेनकोट घातलेल्या बोर्गहिल्डबाई बाहेर आल्या. दोरीवर विसरलेल्या धुण्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं जाकीट ओढून काढलं, पिशवीतून लोकरीचा स्वेटर काढून माझ्या डोक्यातून खाली खेचला, त्यावर आणखी एक, आणि थर्मासमधली कॉफी ओतून कप माझ्या दोन्ही हातांत दिला. वर स्वतःच्या हातांनी माझे हात धरून ठेवले. घेणार का, असं विचारलं नाही.

बोलण्याइतके ओठ हलू लागले तेव्हा मी म्हणालो, “तुम्हाला कसं कळलं?”

“काय?”

“मी इथे आहे ते.”

“तू येतो म्हणालास.” हे सांगावं का लागतंय, याचं त्यांना नवल वाटलं. “चार वाजता मटण झालं. तू नव्हतास. साडेचारलाही धुकं हटलं नव्हतं. पाचला मी बूट घातले.”

“पण मी सॅक घेऊन निघालो होतो.”

“तू संडासलाही सॅक घेऊन जातोस.”

काहीतरी थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण दोन तास डोंगर चढून आलेल्या सत्तरीच्या बाईच्या हातात माझे हात होते.

“मी परत येणार नव्हतो, बाई,” मी म्हणालो. “पलीकडून उतरून जाणार होतो. परवडत नव्हतं. आमच्या भाषेत घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो.”

“जाणारा?”

“हो.”

“आणि येणारा काय म्हणतो?”

“तोही ‘येतो’च म्हणतो.”

बाईंनी थोडा विचार केला. “मग स्वयंपाक किती जणांचा करायचा, ते कसं ठरवतात?”

“जास्तच करतात.”

“‘जातो’ असा शब्दच नाही?”

“आहे. पण तो म्हणायचा नसतो. मेलेल्या माणसाला ‘गेला’ म्हणतात. म्हणून जिवंत माणसाने निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही.”

मला वाटलं, आता हसतील. निदान, काय अडाणी लोक आहेत, असा चेहरा तरी करतील. बोर्गहिल्डबाईंनी माझ्या कपात उरलेली कॉफी ओतली, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. सकाळी ‘जातो’ म्हणाला असतास, तर मी आले नसते. आणि तू गेला असतास.”

त्या उठल्या. मलाही उठवलं.

“कडा पाहिलास?”

“नाही.”

“चाळीस पावलं आहेत. खाली जायची वाट तिथूनच जाते.”

म्हणजे सहा तास मी त्याच्या उशाशी बसून काढले होते. बाईंनी माझी बाही मुठीत धरली. मी पावलं मोजली, एकोणचाळीस भरली. शेवटी त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि शेजारी बसल्या. पुढे काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. स्लेटची पाटी पांढरी असती तर ती अशी दिसली असती.

“खाली फियॉर्ड,” बाई म्हणाल्या आणि डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या त्या खाडीकडे बोट खाली केलं. “इथून डावीकडे चर्च. छप्पर हिरवं. त्याच्या उजव्या हाताला माझं घर. आत, पाणी संपतं तिथे, धबधबा आहे. वर एक असतो, मध्ये एक सुळका लागतो, खाली तीन होतात. तो बोटींचा धक्का. आणि तिथे आर्वेच्या मेंढ्यांचं कुरण. त्यात एकच झाड आहे. तिथे.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “नाही. इथे.” आणि न दिसणाऱ्या झाडासाठी बोट दोन इंच वर घेतलं.

मी त्या बोटाबरोबर मान वळवत होतो, पांढऱ्याकडून पांढऱ्याकडे. बाईंचा हात जिथे थांबे तिथे मीही थांबे. किती वेळ आम्ही बसलो होतो कुणास ठाऊक. खालून पाण्याचा वास येत होता.

“चांगलं आहे,” मी म्हणालो. आणि ते मी शिष्टाचार म्हणून म्हणालो नव्हतो.

“आज दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “पण आहे.”

उतरताना त्या पुढे आणि मी मागे. प्रत्येक लगोरीपाशी त्या थांबत, सुटलेला एखादा दगड उचलून वर ठेवत आणि पुढे चालू लागत. नऊला घरी पोचलो तर आर्वे स्वयंपाकघरात फोनशेजारी बसला होता. साडेनऊपर्यंत आम्ही आलो नाही तर बचाव पथकाला फोन करायचा, असं बाई त्याला सांगून गेल्या होत्या. त्याने घड्याळ पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि घरी गेला. काय झालं, कसं झालं, कोण चुकलं, काही नाही. आमच्या आळीत एवढ्यावर दोन महिने निघाले असते.

मी मटणाच्या तीन ताटल्या खाल्ल्या. सकाळी बाईंनी खोलीचं भाडं नेहमीसारखं घेतलं, मटणाचे पैसे घेतले. डोंगराचे काही लावले नाहीत.

बस दहाची होती. आभाळ तसंच खाली टेकलेलं. बाई रस्त्यापर्यंत आल्या. आर्वेने माझी सॅक घेतली. मी ती दिली.

“आता काय म्हणतोस?” बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. “मला बटाटे किती काढायचे ते कळलं पाहिजे.”

मी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांत कुठल्याही दारातून तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नव्हता. लहानपणी एकदा चुकून पडला, तर आईने हाताला धरून परत पाटावर बसवलं होतं, पाणी पाजलं होतं, आणि नव्याने निघायला लावलं होतं.

आर्वेने इंजिन बंद केलं. “घाई नाही,” तो म्हणाला. “चार मिनिटं आहेत.”

बोर्गहिल्डबाई उभ्या होत्या. त्यांना काहीच घाई नव्हती. मी जे म्हणेन ते त्या खरं धरणार होत्या, आणि त्याप्रमाणे बटाटे काढणार होत्या.

“मी जातो,” मी मराठीत म्हणालो. अंगावर सरसरून काटा आला. मग तेच इंग्रजीत म्हणालो.

बाईंनी श्वास आत घेतला. माझा हात हातात घेऊन एकदाच दाबला, वळल्या, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आपल्याकडे गाडी वळणाआड जाईपर्यंत माणसं हात हलवत उभी राहतात. इथे बस अजून सुरूही झाली नव्हती. मी काचेला नाक लावून त्या बंद दाराकडे पाहत बसलो. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

रस्ता फियॉर्डला वळसा घालून पलीकडच्या डोंगरावर चढतो. सहाव्या की सातव्या वळणावर बसच्या टपावर एकदम ऊन पडलं. मी मागे पाहिलं. कुणी फडका फिरवावा तसं धुकं एका बाजूने पुसलं जात होतं, आणि त्यातून कडा वर आला. आधी टोक, मग सगळं अंग, थेट पाण्यापर्यंत.

मी समोरून बघत होतो, त्यामुळे डावं-उजवं उलटं झालं होतं. तेवढं सोडलं तर चर्च तिथे होतं, हिरव्या छपराचं. पिवळं घर तिथे होतं. धबधबा वर एक होता, सुळक्याशी फुटून खाली तीन होत होता. कुरणावरून माझी नजर फिरली, आणि बोट जिथून दोन इंच वर गेलं होतं तिथे मी झाड शोधलं. होतं.

आर्वेने बस हळू केली. “थांबवू का? फोटो काढायला सगळे इथेच उतरतात. आठवड्यात पहिल्यांदा दिसतोय.”

“चल तू,” मी म्हणालो. “मी पाहिलाय.”

“कधी?”

“काल. बोर्गहिल्डबाईंनी दाखवला.”